वस्तुसंग्रहालयाला एक पूर्ण दिवस द्या : कोल्हापूर जिल्ह्यातील शाळांना खुले पत्र

प्रति,
मा. मुख्याध्यापक, शिक्षक आणि शाळा व्यवस्थापन समित्यांचे सदस्य,
कोल्हापूर शहर व जिल्हा

स. न. वि. वि.

दिवाळीची सुट्टी संपली की आपल्या शाळांमध्ये सहलींची आखणी सुरू होते. ती होण्याआधी हे पत्र आपल्यापर्यंत पोहोचावे, अशी इच्छा आहे. मी उद्यमनगरात फौंड्रीसाठी लाकडी पॅटर्न, म्हणजे साचा करायला वाळूत दाबायचे नमुने, बनवणारा कारागीर आहे आणि दोन शाळकरी मुलांचा बाप आहे. सुट्टीच्या दिवशी गल्लीतली मुले बरोबर घेऊन टाउन हॉलच्या वस्तुसंग्रहालयात, कणेरी मठावर किंवा नदीकाठी जाणे हे माझे गेल्या काही वर्षांचे आवडीचे काम आहे. त्या अनुभवातून एक विनंती करतो. यंदा निदान एका वर्गाची सहल एकाच ठिकाणी न्यावी, त्या ठिकाणाला पूर्ण दिवस द्यावा, आणि तिथे जाण्याआधी मुलांच्या हातून त्या विषयाचा एखादा प्रयोग करून घ्यावा.

आज बहुतेक सहली कशा होतात, हे आपल्याला मी सांगायला नको. पहाटे एसटी सुटते. न्यू पॅलेस, कणेरी, पन्हाळा, जोतिबा आणि परतताना रंकाळा असे सगळे एका दिवसात बसवायचे असते. वस्तुसंग्रहालयाच्या वाट्याला पाऊण तास येतो. पुढच्याच्या खांद्यावर हात ठेवून मुले रांगेने आत जातात आणि दुसऱ्या दाराने बाहेर येतात. त्या पाऊण तासात शिक्षकांचे लक्ष डोकी मोजण्यात गुंतलेले असते, आणि ते तसे असणे योग्यच आहे, कारण चाळीस-पन्नास लेकरांची जबाबदारी त्यांच्यावर असते. दोष शिक्षकांचा नाही. दोष आखणीचा आहे, आणि आखणी बदलणे आपल्या हातात आहे.

हाताने करून पाहण्याच्या विज्ञान केंद्रांचीही तीच गत होते. मुंबईला वरळीचे नेहरू विज्ञान केंद्र १९८५ पासून आहे, पुण्याला आयुका या खगोलशास्त्र संस्थेची मुक्तांगण विज्ञान शोधिका आहे, आपल्याला तुलनेने जवळ पणजी आणि धारवाड येथेही विज्ञान केंद्रे आहेत. जगात अशा केंद्रांना वळण लावणारे सॅन फ्रान्सिस्कोचे एक्सप्लोरेटोरियम १९६९ मध्ये फ्रँक ओपनहायमर या भौतिकशास्त्रज्ञाने सुरू केले, ते मुलांनी स्वतः उपकरण हाताळावे, बिघडवावे, पुन्हा जुळवावे या हेतूने. आपली मुले मात्र तिथे पोहोचतात ती आठ तासांच्या प्रवासाने थकून. मग एका उपकरणाचे बटण दाबायचे, दिवा लागतो की नाही ते पाहायचे आणि पुढच्या उपकरणाकडे धावायचे, एवढेच होते. बटण दाबणे म्हणजे प्रयोग करणे नव्हे. दिवा का लागला, तार काढली तर काय होईल, हे विचारायला आणि पडताळायला वेळ मिळाला तरच त्या जागेचा उपयोग. लांबच्या केंद्रांना जरूर जावे, पण त्यासाठी एरवीची घाई सोडावी लागेल. आणि तिथे जाण्याआधी आपल्याच गावात काय आहे तेही पाहावे. कोल्हापूरचा इतिहास ओतकामाचा आहे, पाणी अडवण्याचा आहे, यंत्रे जुळवण्याचा आहे. त्यामुळे इथे इतिहासाचे वस्तुसंग्रहालय आणि विज्ञानाचा प्रयोग यांना वेगळे ठेवण्याचे कारणच उरत नाही.

याचे एक उदाहरण सविस्तर सांगतो. पंचगंगेच्या काठी ब्रह्मपुरीचे टेकाड आहे. १९४४ ते १९४६ या काळात तिथे आधी प्रा. कुंदनगार यांनी आणि नंतर डेक्कन कॉलेजच्या ह. धी. सांकलिया व मो. ग. दीक्षित यांनी उत्खनन केले. सातवाहन काळातील वस्तीचे अवशेष, नाणी, मातीची भांडी आणि कांस्याच्या वस्तू तिथे मिळाल्या. त्यात ग्रीक-रोमन समुद्रदेव पोसायडन याची हातात मावेल एवढी लहान मूर्ती होती, आणि पाठीवर माणसे बसलेला कांस्याचा एक सुंदर हत्तीही होता. या वस्तूंमुळेच १९४६ मध्ये कोल्हापूरचे वस्तुसंग्रहालय सुरू झाले आणि पुढे ते १८७० च्या दशकात बांधलेल्या टाउन हॉलच्या इमारतीत आले. सहावीच्या इतिहासात सातवाहन येतात. ते पान वाचणाऱ्या मुलांच्या गावात सातवाहनांच्या काळातील घरे जमिनीखाली सापडली आहेत, ही गोष्ट त्यांना कोणीतरी त्या टेकाडाकडे बोट दाखवून सांगायला हवी.

एकदा तिथल्या कांस्याच्या वस्तूंसमोर आमच्या गल्लीतली पाचवीतली एक मुलगी थांबली आणि म्हणाली, “काका, हे हिरवं का पडलंय? कुणी घासलं नाही का?” हा प्रश्न पाऊण तासाच्या रांगेत कोणालाही विचारता आला नसता. त्याचे उत्तर मी तिथे दिले नाही. घरी आल्यावर माळ्यावरचे एक जुने तांब्याचे भांडे काढले, अर्ध्या भागाला चिंच लावून दहा मिनिटांनी घासायला सांगितले. तो भाग लखलखीत झाला, उरलेला काळपट-हिरवा राहिला. चिंचेतले आम्ल धातूवरचा थर विरघळवते, हे मुलांनी डोळ्यांनी पाहिले. पितळेच्या भांड्यात ताक का कळकते आणि त्याला कल्हई का लावतात, हे तिथे बसलेल्या आजींनीच त्यांना समजावले. मग मी विचारले, की एवढे सोपे आहे तर वस्तुसंग्रहालयातले लोक त्या वस्तू चिंचेने घासून का ठेवत नाहीत? मुलांनी बराच वेळ घेतला. शेवटी चौथीतल्या एका मुलाने घासलेल्या भांड्यावरून बोट फिरवत सांगितले, की घासल्यावर नक्षीची रेघ बुजल्यासारखी वाटते. उत्तर जवळजवळ तेच आहे. तो हिरवा थर आतल्या धातूला राखतो, आणि मूळ कारागिराने कोरलेल्या बारीक खुणा त्या थरातच टिकून राहिलेल्या असतात. थर काढला तर खुणाही जातात. पुढच्या वेळी हीच मुले त्या काचेसमोर गेली तेव्हा ती हिरव्या रंगाकडे पाहत होती, आणि तिथून हलायला तयार नव्हती.

माझ्या स्वतःच्या धंद्यातला दुसरा प्रयोग याला जोडून आहे, तो प्रत्येक शाळेत करता येईल. डब्यात बारीक ओलसर वाळू ठासून भरावी, त्यात लाकडाचा एखादा साधा ठोकळा दाबावा आणि अलगद वर काढावा. ठोकळ्याच्या बाजू अगदी सरळ उभ्या असतील तर काढताना वाळूच्या कडा ढासळतात. बाजूंना किंचित उतार असेल तर साचा स्वच्छ उठतो. त्यात मोठ्या माणसाने वितळलेले मेण ओतावे. थंड झाल्यावर मेण थोडे आकसलेले दिसते. आमच्याकडे बीड (ओतीव लोखंड) ओततानाही तेच होते, म्हणून पॅटर्न सुमारे एक टक्का मोठा करावा लागतो. आता मुलांना मातीची एक छोटी मूर्ती द्यावी, जिचा एक हात अंगापासून दूर उचललेला आहे, आणि तीच वाळूत दाबून वर काढायला सांगावे. ती निघत नाही. हात वाळूत अडकतो, आणि मूर्ती ओढली की सगळा साचा फुटतो. मुले चार-पाच वेळा प्रयत्न करतात, चिडतात, आणि मग त्यांच्याच तोंडून प्रश्न येतो, की मग जुन्या लोकांनी अशा मूर्ती केल्या कशा? त्या वेळी सांगावे की अशा लहान कांस्यमूर्ती सहसा मेणाच्या करत, मेणावर मातीचा लेप देत, लेप तापवून मेण बाहेर काढत आणि उरलेल्या पोकळीत वितळलेले कांस्य ओतत. लेप फोडूनच मूर्ती बाहेर येते, त्यामुळे तो साचा पुन्हा वापरता येत नाही. हे हाताला कळलेले मूल पोसायडनसमोर उभे राहिले, की त्याला त्या मूर्तीत कारागीर दिसू लागतो.

आणि आपल्या शाळांतल्या कितीतरी मुलांचे वडील शिरोलीच्या किंवा गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत मोल्डर, फिटर, टर्नर आहेत. त्यांच्यापैकी एकाला अर्ध्या दिवसासाठी शाळेत बोलवावे. वाळू, साचा, भट्टी यांच्याबद्दल ते जे सांगतील ते कोणत्याही पुस्तकात मिळणार नाही. आपल्या बापाला इतिहासाच्या तासाला बोलावले आहे, हे पाहून त्या मुलाची मान ताठ होईल, ही गोष्टही मला कमी महत्त्वाची वाटत नाही.

समुद्रच नसलेल्या या गावात समुद्राचा देव कसा आला, हा मुलांचा ठरलेला पुढचा प्रश्न असतो. त्यासाठी नकाशा पसरून बसावे. रोमन साम्राज्याशी होणारा व्यापार, मोसमी वाऱ्यांवर पश्चिम किनाऱ्याला लागणारी जहाजे, कोकणातली बंदरे आणि तिथून घाट चढून देशावर येणारे बैलांचे तांडे, हे सगळे त्या हातभर नकाशावर बोटाने चालवता येते. भूगोलाच्या शिक्षकांनी हा तास घ्यावा.

दुसरे उदाहरण पाण्याचे. पावसाळ्यात आपल्या जिल्ह्यातले लहान मूलही राजाराम बंधाऱ्याची पातळी तोंडपाठ सांगते. ३९ फूट इशारा, ४३ फूट धोका. २०१९ आणि २०२१ मध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेले, तेव्हा यातल्या अनेक मुलांनी आपले घर सोडले आहे. तरीही बंधारा कसा काम करतो, हे बहुतेकांना ठाऊक नसते. ज्याला देशभर कोल्हापूर पद्धतीचा बंधारा म्हणून ओळखतात, त्याची रचना थक्क करण्याइतकी साधी आहे. नदीच्या पात्रात ठरावीक अंतरावर दगडी खांब, खांबांना खाचा, आणि खाचांत बसणारे बरगे, म्हणजे आडव्या फळ्या. पावसाळा ओसरला की बरगे घालून पाणी अडवायचे, पावसाळ्यापूर्वी ते काढून नदीला वाट मोकळी करून द्यायची. हे ट्रेमध्ये वाळू, विटांचे तुकडे आणि प्लायच्या पट्ट्या वापरून अर्ध्या तासात उभे करता येते. आधी बरगे घालून सावकाश पाणी सोडावे, मागे तळे साठते. मग बरगे तसेच ठेवून बादलीभर पाणी एकदम ओतावे. पाणी बरग्यांवरून उसळते, कडेच्या वाळूला भिडते आणि बंधारा सोडून बाजूचा काठ खात पुढे जाते. बरगे वेळेत का काढायचे, हे मग सांगावे लागत नाही. हा प्रयोग करून मुलांना उन्हाळ्याच्या सुरुवातीला, पाणी शांत असताना, प्रत्यक्ष बंधाऱ्यावर न्यावे. काठापासून अंतर राखून खांब मोजायला, खाचा शोधायला, पुराची रेघ कुठवर होती ते आसपासच्या लोकांना विचारायला सांगावे. राजर्षी शाहू महाराजांनी राधानगरीचे धरण का हाती घेतले आणि त्याचे सात स्वयंचलित दरवाजे पाण्याच्या पातळीबरोबर आपोआप का उघडतात, याची चर्चा तिथून पुढे सहज सुरू होते. कसबा बावड्यातील लक्ष्मी विलास पॅलेस, म्हणजे महाराजांचे जन्मस्थळ, त्यानंतर पाहिले तर मुलांना जन्मतारखेपलीकडचे काही विचारावेसे वाटेल.

बाकीची ठिकाणे थोडक्यात सांगतो. खरी कॉर्नरच्या कॅमेरा स्तंभाकडे जाण्याआधी बुटाच्या खोक्याला टाचणीने भोक पाडून आणि मागे ट्रेसिंग पेपर लावून उलटी प्रतिमा पाहावी. शंभर वर्षांपूर्वी बाबूराव पेंटर यांनी याच गावात चित्रपटाचा कॅमेरा स्वतः बनवला, याचे मोल मग कळते. अंबाबाईच्या मंदिरातील किरणोत्सव, म्हणजे मावळत्या सूर्याचे किरण देवीच्या मूर्तीपर्यंत पोहोचण्याचा सोहळा, नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात आणि जानेवारीच्या अखेरीस होतो. हे दोन्ही काळ २१-२२ डिसेंबरपासून, म्हणजे वर्षातल्या सर्वांत लहान दिवसापासून, सारख्याच अंतरावर का आहेत, हे अंगणात काठी रोवून तिची सावली महिनोन्‌महिने खडूने आखणाऱ्या मुलांना आपोआप उलगडते. कणेरी मठाचे सिद्धगिरी ग्रामजीवन वस्तुसंग्रहालय मुलांना फार आवडते, पण तिथे आजी-आजोबांना बरोबर न्यावे, अशी माझी आग्रहाची सूचना आहे. बारा बलुतेदारांचे पुतळे पाहून जेवढे कळते, त्याच्या कितीतरी पट, मोट चालवलेला एखादा आजोबा बैल उतारावरून खाली का हाकतात हे सांगतो तेव्हा कळते.

चंदगड, आजरा, गगनबावडा, शाहूवाडी अशा तालुक्यांतल्या शाळांना वाटेल की हे सगळे शहराजवळच्यांचे आहे. तसे नाही. आपल्या जिल्ह्यात गावोगावी देवळाच्या आवारात वीरगळ, म्हणजे लढताना पडलेल्या वीरांच्या स्मरणार्थ कोरलेले दगड, उभे आहेत, कित्येक ठिकाणी ते आडवे पडले आहेत किंवा त्यांना ऑइलपेंट फासला आहे. वीरगळावर साधारणपणे खालच्या चौकटीत लढाई, मधल्या चौकटीत वीराला वर नेणाऱ्या अप्सरा, वरच्या चौकटीत शिवलिंगाची पूजा आणि सर्वांत वर चंद्र-सूर्य असतात. तो दगड काचेच्या मागे नाही. मुलांनी त्याला हात लावावा, चौकटी मोजाव्यात, कागदावर चित्र काढावे, वीराच्या हातात ढाल आहे की धनुष्य हे पाहावे, गाई दिसतात का ते शोधावे, कारण गाईगुरे राखताना पडलेल्या वीरांचेही दगड असतात. फक्त त्यावर खडू ओढू नये, रंग देऊ नये आणि घासू नये. चिंचेचा प्रयोग केलेली मुले हे सहज मान्य करतात. एका गावाच्या शाळेने आपल्या वीरगळांची नीट वही केली, तर तो त्या गावाच्या इतिहासाचा पहिला दस्तऐवज ठरू शकतो.

वेळ कुठून काढायचा, हा आपला प्रश्न रास्त आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये सहावी ते आठवीसाठी दप्तराविना दहा दिवस सुचवले आहेत, आणि आपल्या राज्यात २०२४ पासून आनंददायी शनिवार हा उपक्रमही आहे. हे दिवस रांगोळी आणि घोषणांमध्ये संपू देऊ नयेत. त्यातले दोन शनिवार वर्गातल्या प्रयोगाला आणि एक दिवस भेटीला दिला तरी पुरेसे आहे. खर्चाचे म्हणाल, तर पाच ठिकाणे एका ठिकाणावर आली की प्रवास कमी होतो. वाळू, मेण, चिंच, जुने भांडे यांना पैसे लागत नाहीत.

भेटीच्या दिवसाबद्दल थोडेसे. वर्गाचे दोन भाग करावेत; अर्धी मुले आत असताना उरलेली बाहेर चित्रे काढत किंवा टिपणे करत बसतील. आत गेल्यावर प्रत्येक मुलाने एकच वस्तू निवडावी आणि तिच्यासमोर जमिनीवर बसून निदान अर्धा तास तिचे चित्र काढावे. चित्र चांगले येणे महत्त्वाचे नाही. काढताना नजर थांबते, हे महत्त्वाचे. माहितीची पाटी मुलांनी उतरवून घेऊ नये. पाटी उतरवताना मूल वस्तूकडे पाठ करून उभे राहते, हे मी अनेकदा पाहिले आहे आणि प्रत्येक वेळी मला वाईट वाटले आहे. त्याऐवजी पाटीवर न लिहिलेला एक प्रश्न वहीत लिहून आणायला सांगावे. परत आल्यावर निबंधाचा आग्रह धरू नये. ते प्रश्न वर्गाच्या भिंतीवर लावावेत आणि ज्यांची उत्तरे कोणालाच देता आली नाहीत, ते वस्तुसंग्रहालयाच्या अभिरक्षकांना पत्राने पाठवावेत.

वस्तुसंग्रहालये चालवणाऱ्या अधिकाऱ्यांनाही शाळांनी मिळून एक मागणी करावी, असे मला वाटते. मूळ वस्तूंना हात लावू देता येत नाही, ते बरोबरच आहे. पण मुलांसाठी हाताळायची एक पेटी प्रत्येक ठिकाणी ठेवता येईल: नाण्यांच्या मोठ्या प्रतिकृती, खापराचे तुकडे, जुन्या आणि नव्या विटा, तांबे, पितळ आणि कांस्य यांचे सारख्या आकाराचे तुकडे, जे हातात घेऊन वजनाचा आणि आवाजाचा फरक कळेल. बसायला एक सतरंजी आणि चित्र काढण्याची परवानगी एवढ्याने पुष्कळ साधेल. एका पालकाच्या पत्रापेक्षा वीस मुख्याध्यापकांच्या सह्यांचे वजन जास्त असते.

माझ्या बाजूने सांगायचे, तर वाळूच्या प्रयोगासाठी लागणारे उताराचे आणि बिनउताराचे ठोकळे, तसेच बंधाऱ्याच्या नमुन्याचे खाचा पाडलेले खांब मी आणि माझे काही सहकारी लाकडात बनवून शाळांना मोफत देऊ. ज्या शाळांना हवे असतील त्यांनी नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात उद्यमनगरात निरोप द्यावा, म्हणजे डिसेंबरच्या सहलींपूर्वी ते हातात पडतील. टाउन हॉलचे वस्तुसंग्रहालय सोमवारी बंद असते, तेवढा वार सोडून तारीख ठरवावी आणि मुलांची संख्या तिथे आधी लेखी कळवावी.

आपला विश्वासू,
एक पालक आणि पॅटर्न कारागीर,
उद्यमनगर, कोल्हापूर